बाईचा व्यायाम, शाळेच्या वयापासून सत्तरीपर्यंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरकाम दिवसभर चालूच असतं. तोच व्यायाम नाही का?

हालचाल नक्कीच आहे. खुर्चीत दिवस काढणाऱ्या शरीरापेक्षा ओट्यापाशी, अंगणात वावरणारं शरीर बरं. पण हृदय, स्नायू आणि हाडांना जे हवं ते घरकामातून अर्धवटच मिळतं, कारण शरीर नेहमीच्या ओझ्याला सरावतं. वीस वर्षं तेवढीच कणीक मळली, त्याच बादल्या उचलल्या, की स्नायू तेवढ्यापुरते राहतात. त्यांना आणखी बळकट व्हायला कारणच उरत नाही. शिवाय भांडी, केर, चिरणं, इस्त्री या सगळ्यात आपण पुढे वाकलेल्या असतो. पाठ उलट ताणणारं किंवा हातांनी जोर लावून ओढायचं काम क्वचितच येतं.

शेतात लावणी, खुरपणी, कापणी करणाऱ्या बाईचं गणित वेगळं. दम लागणारं काम तिला रोज मिळतं, तिला ‘सकाळी चालायला जा’ असं सांगणं अन्यायाचं आहे. तिने दर तासाभराने उभं राहून, कमरेवर तळवे टेकवून पाचदा हळू मागे झुकावं, आठवड्यातून दोनदा खाली दिलेले ओढण्याचे व्यायाम करावेत, आणि प्रथिनं व झोप यांची काळजी घ्यावी.

मग आठवड्याला नेमका किती व्यायाम लागतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी अशा : प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम. त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. पासष्टीनंतर त्यात आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. पाच ते सतरा वयाच्या मुलींना रोज सरासरी ६० मिनिटं.

मध्यम जोर कसा ओळखायचा? चालता चालता बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरदार. मैत्रिणीशी आरामात गप्पा मारत बागेला तीन फेऱ्या होत असतील तर वेग वाढवा; मिनिटाला साधारण १०० पावलं पडायला हवीत. घड्याळ लावून एकदा मोजून बघा, बहुतेकींचा अंदाज चुकतो.

सलग अर्धा तास मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. तेही पूर्ण धरले जातात.

मी रोज दहा हजार पावलं चालते. आणखी काही करायला हवं का?

हो, ताकदीचा व्यायाम. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम. पण दंड, खांदे आणि पाठ यांना त्यातून जवळपास काहीच मिळत नाही आणि हाडांना मिळणारा धक्काही सौम्य असतो. दहा हजार हा आकडा मुळात १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. सात-आठ हजारांपर्यंत फायदा झपाट्याने वाढतो, पुढे वाढ मंदावते. रोज दहा हजार चालणाऱ्या बाईने आठवड्यातले दोन दिवस सात हजारांवर थांबून तो वेळ वजनांना दिला तर ती फायद्यातच राहील.

वजनं उचलली तर शरीर पुरुषी होईल, किंवा गर्भाशय खाली सरकेल, असं म्हणतात.

पहिली भीती निराधार आहे. स्नायू फुगवणारं टेस्टोस्टेरॉन बायकांच्या रक्तात पुरुषांच्या तुलनेत कितीतरी पटींनी कमी असतं. वर्षभर मनापासून वजनं उचलून मिळतात ते घट्ट दंड, ताठ पाठ आणि पिशव्या उचलून जिना चढण्याची ताकद.

दुसऱ्या भीतीत मात्र थोडं तथ्य आहे, म्हणून ती नीट समजून घ्यावी. गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय यांना खालून आधार देणाऱ्या स्नायूंचा एक झोका असतो. बाळंतपणात तो ताणला जातो. त्यात श्वास कोंडून, पोट खाली ढकलत भरलेली कळशी वर्षानुवर्षं उचलली, सततची बद्धकोष्ठता किंवा जुना खोकला असला, की झोका सैल पडतो. खरा त्रास श्वास कोंडण्याचा आणि पोटातला दाब खाली लोटण्याचा. म्हणून नियम एकच : जोर लावताना श्वास सोडायचा. उचलण्याआधी हलकेच खालचे स्नायू आत-वर ओढायचे, मग श्वास सोडत उचलायचं. ‘खाली काहीतरी आल्यासारखं’ आधीच जाणवत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या आणि हलक्या वजनाने सुरू करा. बंदीची वेळ क्वचितच येते.

जिमला जाणं शक्य नाही. घरी ताकदीचे व्यायाम कसे करायचे?

सामान : हात नसलेली पक्की खुर्ची, भिंत, एक लिटरच्या दोन बाटल्या (पाणी भरलं की एकेक किलो), दोन मजबूत कापडी पिशव्या आणि त्यात घालायला तांदूळ किंवा डाळीची पाकिटं. जमलं तर रबरी पट्टा घ्या. खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतो आणि ओढण्याच्या व्यायामाला त्याच्यासारखं दुसरं नाही.

उठबस. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पावलं खांद्यांइतकी लांब, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. हात छातीवर. श्वास सोडत उठा, तीन आकडे मोजत बसा. धपकन बसू नका, अर्धा फायदा हळू बसण्यातच आहे. गुडघे आत वळत असतील तर ते पायाच्या करंगळीच्या दिशेला नेण्याचा प्रयत्न करा.

कमरेतून वाकणं. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभ्या राहा. गुडघे किंचित सैल. पाठ सरळ ठेवून बूड मागे नेत भिंतीला टेकवा, मग पुन्हा ताठ. मांडीच्या मागच्या बाजूला ताण आला म्हणजे जमलं. पाठीत ताण आला तर पाठ गोल झाली आहे. हे आठवडाभर रिकाम्या हातांनी करा, मग दोन्ही हातांत पिशव्या घ्या. बादली, बाळ, गॅसचा सिलिंडर, सगळं याच पद्धतीने उचलायचं असतं. भरलेला घरगुती सिलिंडर जवळपास ३० किलोचा असतो आणि बहुतेकींची कंबर तिथेच धरते.

भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभ्या राहून, तळवे छातीच्या उंचीवर टेकवून छाती भिंतीकडे न्या आणि ढकला. सोपं झालं की ओट्याच्या कडेवर, मग पलंगाच्या कडेवर, शेवटी जमिनीवर गुडघे टेकून.

ओढणं. एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून कमरेतून पुढे वाका, दुसऱ्या हातातली पिशवी बरगडीपर्यंत ओढा, कोपर अंगाजवळ. विहिरीचा दोर ओढल्यासारखं.

सेतुबंध. उताणं झोपून गुडघे दुमडा, बूड उचला, वर पाच आकडे थांबा.

टाचा उचलणं. ओट्याला बोटं टेकवून चवड्यांवर उभ्या राहा, दोन आकडे थांबा, हळू खाली या.

ओझं घेऊन चालणं. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन ताठ मानेने घरातल्या घरात अर्धा ते एक मिनिट.

प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा, असे दोन फेरे, मध्ये एक-दोन मिनिटं विश्रांती. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान ४८ तासांचं अंतर. पूर्ण संच पस्तीस-चाळीस मिनिटांत होतो. वजन योग्य आहे की नाही हे शेवटच्या दोन वेळांवरून कळतं : त्या कष्टाने पण नीट व्हायला हव्यात. सहज पंधरा होऊ लागले की अर्धा किंवा एक किलो वाढवा. पाच वर्षं त्याच गुलाबी एक किलोच्या डंबेलवर अडकून राहणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

दुसऱ्या दिवशी अंग दुखेल. पसरलेलं, दाबल्यावर जाणवणारं दुखणं तीन दिवसांत जातं. व्यायाम करतानाच सांध्यात टोचलं, कळ पायात उतरली किंवा मुंग्या आल्या तर तो व्यायाम थांबवा.

सूर्यनमस्कार घालते. पुरत नाहीत का?

सूर्यनमस्कार महाराष्ट्राच्या घरात रुजलेला व्यायाम आहे. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तो शाळांपर्यंत नेला, मुलींसाठीही आग्रहाने. बारा स्थितींत पाठ दोन्ही बाजूंनी वाकते, खांद्यांवर भार येतो, वेगाने घातले तर दमही लागतो. त्यात दोनच गोष्टी कमी पडतात : हातांनी ओढणं नाही, आणि भार कायम आपल्या वजनाइतकाच. बारा नमस्कारांना वरचे ओढण्याचे, उठबशीचे आणि ओझं घेऊन चालण्याचे व्यायाम जोडले की उणीव भरून निघते. मनगट दुखत असेल तर तळव्यांऐवजी मुठी टेकवा.

मुलगी तेरा वर्षांची आहे. पाळी सुरू झाल्यापासून खेळायला जात नाही.

या प्रश्नाला हलक्यात घेऊ नका. आयुष्यभर पुरवायची हाडांची ठेव याच वर्षांत साठते. अठरा-वीसपर्यंत ती जवळपास ९० टक्के जमा झालेली असते. पुढे पन्नाशीनंतर त्यातूनच खर्च होतो. हाडांना लागतात ते धक्के : उड्या, धावणं, एकदम दिशा बदलणं. खो-खो, कबड्डी, लंगडी, दोरीवरच्या उड्या, बास्केटबॉल. पोहणं आणि सायकल दमासाठी छान, पण हाडांना त्यातून धक्का बसत नाही.

आपल्याकडे मंगळागौरीचे खेळ याच कामाचे आहेत. फुगडीत हातांनी एकमेकींना ओढत तोल धरावा लागतो, झिम्म्यात उड्या आहेत, आणि बसफुगडी तर उकिडवं बसून उड्या मारण्याचा असा व्यायाम आहे की धडधाकट मुलीच्याही मांड्या दोन मिनिटांत थरथरतात. श्रावणापुरतं न ठेवता आठवड्यातून दोन संध्याकाळी खेळवा.

मुली मैदान का सोडतात? बऱ्याचदा कारण अगदी साधं असतं : योग्य मापाची खेळाची ब्रा नाही, डाग पडेल ही भीती, शाळेत स्वच्छतागृह नाही, किंवा कुणीतरी टोमणा मारला. ब्रा अशी हवी की उड्या मारताना छाती हलू नये आणि पट्ट्याखाली दोनच बोटं जावीत. गडद रंगाची ट्रॅक पँट आणि दप्तरात एक जास्तीचं पॅड, यावर पुष्कळ प्रश्न सुटतात.

पाळीच्या दिवसांत व्यायाम करावा का?

करता येतो, काही अपाय होत नाही. नियमित व्यायाम करणाऱ्या अनेकींच्या कळा कमी होतात. पहिल्या दोन दिवशी अंग साथ देत नसेल तर चालणं आणि हलके ताण पुरे.

उलट बाजूही लक्षात ठेवा. भरपूर सराव आणि अपुरं खाणं यामुळे खेळाडू किंवा नृत्य शिकणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने बंद झाली तर ‘बरं झालं, कटकट गेली’ असं म्हणू नका. शरीराने पुरेशा अन्नाअभावी पाळी थांबवलेली असते आणि त्यासोबत हाडंही झिजतात. तपासणी हवी आणि ताटात जास्त अन्न हवं.

थोडं चाललं तरी धाप लागते. व्यायामच जमत नाही.

आधी हिमोग्लोबिन तपासा. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. आळस समजला जाणारा थकवा अनेकदा हाच असतो. १२ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, गरोदरपणात ११ पेक्षा कमी. ८ च्या खाली असेल तर आधी उपचार, व्यायाम नंतर. मधल्या आकड्यांत हलकं चालणं आणि हलकी वजनं चालतात, दम मात्र ताणू नका.

लोहाची गोळी लिंबू-पाणी किंवा आवळ्यासोबत घ्या; चहा, कॉफी, दूध यांपासून किमान तासभर लांब ठेवा. जेवणाला लागून चहा पिण्याची सवय लोहाच्या आड येते. हिमोग्लोबिन वाढलं म्हणून गोळी लगेच बंद करू नका; शरीरातला साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात. आणि पाळीत सात दिवसांहून जास्त किंवा गुठळ्यांसह रक्त जात असेल तर मूळ कारण तिथे आहे.

पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित करणारा विकार) आहे. कोणता व्यायाम?

जो वर्षभर टिकेल तो. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि सलग न येणारे दोन दिवस ताकदीचे. वजन उतरवायचं असेल तर २५० मिनिटांच्या आसपास. स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून वजनाचा काटा हलला नाही तरी इन्शुलिनचं काम सुधारतं. तीन महिन्यांत काटा न हलल्याने सोडून देऊ नका. वजन जास्त असलेल्या स्त्रियांत ५ ते १० टक्के घट झाली तरी पाळीला नियमितपणा येऊ शकतो : ७० किलोच्या बाईसाठी साडेतीन ते सात किलो. कमरेचा घेर मोजत जा, ८० सेंटिमीटर ही भारतीय स्त्रियांसाठीची मर्यादा आहे.

गरोदरपणात व्यायाम सुरक्षित आहे का? फरशी पुसली की नॉर्मल होते म्हणतात.

गुंतागुंत नसेल तर सुरक्षितच नव्हे, हवाच. आठवड्याला १५० मिनिटं. गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब यांचा धोका त्याने कमी होतो. उकिडवं बसून फरशी पुसायला हरकत नाही, पण त्यामुळे नैसर्गिक प्रसूतीची हमी मिळते असं काही नाही. सिझेरियन झालेल्या बाईला ‘काम केलं नाहीस’ असं ऐकवणं तर अगदी चूक.

आधीपासून वजनं उचलत असाल तर चालू ठेवा, श्वास कोंडेल असं वजन मात्र नको. नव्याने सुरू करणारीने दहा मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवावीत. पाचव्या महिन्यापासून बराच वेळ उताणं पडून करायचे व्यायाम टाळा. गर्भाशयाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर येतं आणि चक्कर येते. सेतुबंधाऐवजी कुशीवर झोपून पाय उचला. पडण्याचा किंवा पोटावर आघात होण्याचा धोका असलेले खेळ नकोत. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारचं चालणं नको.

वार खाली असणं, गर्भाशयाच्या मुखाला टाका, वाढलेला रक्तदाब, रक्तस्राव, पाणमोट फुटणं, तीव्र रक्तक्षय यांपैकी काही असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि व्यायाम करताना रक्त किंवा पाणी गेलं, छातीत दुखलं, चक्कर आली, एका पोटरीला सूज येऊन दुखू लागली, नियमित कळा आल्या किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठा.

बाळंतपणानंतर सव्वा महिना झोपूनच राहायचं का?

विश्रांती, तेल लावणं, गरम जेवण, कामातून सुटका हे सगळं मोलाचं आहे. पण पडूनच राहणं धोक्याचं आहे : प्रसूतीनंतरच्या आठवड्यांत पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याची शक्यता वाढलेली असते. नैसर्गिक प्रसूतीनंतर त्याच दिवशी, सिझेरियननंतर २४ तासांच्या आत आधाराने चालायला सुरुवात करायची असते. सिझेरियननंतर सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. (बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र नकोच, तिच्या वायूने आई आणि बाळ दोघांचा जीव जाऊ शकतो.)

पहिल्या आठवड्यापासून खोल श्वास आणि खालचे स्नायू हलके आवळणं. सहा आठवड्यांनी पोटाची फट (पोटाच्या उजव्या-डाव्या स्नायूंमधलं अंतर) तपासा : उताणं झोपून, गुडघे दुमडून, डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधल्या रेषेत बोटं आडवी ठेवा. दोन बोटांहून जास्त जागा असेल, किंवा उठताना पोटाचा मधला भाग तंबूसारखा वर येत असेल तर पोटाचे उठाव (उताणं झोपून डोकं-खांदे उचलत उठणं) बंद ठेवा. त्यांनी फट वाढते. त्याऐवजी श्वास सोडत बेंबी पाठीकडे नेणं, टाच सरकवणं, सेतुबंध. पोट करकचून बांधल्याने पोट आत जात नाही, दाब मात्र खाली ढकलला जातो. धावणं आणि उड्या तीन महिन्यांनंतर, तेही लघवी गळत नसेल तर.

व्यायामाने दूध आटत नाही. आधी पाजून घ्या, म्हणजे छातीही हलकी राहते.

खोकलं, शिंकलं की लघवी गळते. लाज वाटते, कुणाला सांगितलेलं नाही.

फार जणींना होतं, आणि बहुतेकींचं व्यायामाने कमी होतं. पॅड लावून आयुष्य काढायची गरज नाही.

आधी स्नायू ओळखा : चारचौघांत वारा अडवताना जे आवळतं ते आणि लघवीची धार थांबवताना जे आवळतं ते, दोन्ही एकदम आवळून आत आणि वर ओढायचे. सुरुवातीला उताणं, गुडघे दुमडून. तीन ते पाच आकडे धरा, तेवढेच आकडे पूर्ण सैल सोडा. सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं. असे ८ ते १२ वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत धरायला शिका. त्यानंतर प्रत्येक वेळी दहा झटपट आवळणी जोडा, कारण शिंक सांगून येत नाही. महिन्याभराने हेच बसून, मग उभ्याने, ओट्यापाशी.

बिघडतं कुठे? श्वास कोंडला जातो. मांड्या आणि नितंबच आवळले जातात. आत ओढण्याऐवजी खाली ढकललं जातं. आरशात बघितलंत तर आवळताना योनी आणि गुदद्वारामधली जागा आत जायला हवी. बाहेर येत असेल तर उलट चाललं आहे. प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवण्याचा सराव करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो.

खोकण्याच्या किंवा वजन उचलण्याच्या क्षणभर आधी आवळायची सवय लावा; एवढ्यानेही गळती कमी होते. पूर्ण परिणामाला बारा आठवडे द्या. त्यानंतरही फरक नसेल, किंवा आवळताना दुखत असेल, तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. काही जणींचे स्नायू मुळातच आखडलेले असतात, त्यांना आधी सैल सोडायला शिकावं लागतं.

पाळी जायच्या वयात काय बदलायचं?

वजन वाढवायचं, म्हणजे हातातलं. भारतीय स्त्रियांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरलं की पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटू शकते. स्नायूही झपाट्याने कमी होतात आणि चरबी पोटावर येते. नेमक्या याच वयात बायकांना ‘आता जपून, हलकं काही करा’ असा सल्ला मिळतो. तो उलटा आहे.

ऑस्ट्रेलियातली ‘लिफ्टमोर’ चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या स्त्रियांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जड वजनं उचलली : पाच वेळा, असे पाच फेरे. त्यांच्या कण्याची घनता वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची घटली. यावरून उद्याच जड वजन उचलायचं नाही. त्या स्त्रियांनाही पहिला महिना हलक्या वजनाने पद्धत शिकवली होती. तुम्ही तीन-चार महिने घ्या.

गुडघे आणि खालचे स्नायू ठीक असतील तर जागच्या जागी उड्या : रोज दहापासून सुरू करून हळूहळू चाळीस-पन्नास.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत आकडा (टी-स्कोअर) उणे २.५ किंवा त्याखाली आला असेल, किंवा मणका दबला असेल, तर उड्या नकोत, आणि पुढे वाकून पाठ गोल होणारे प्रकार पूर्ण बंद : पश्चिमोत्तानासन, हलासन, पोटाचे उठाव. पुढे दुमडताना मणक्याच्या पुढच्या कडेवर दाब येतो आणि विरळ हाड तिथेच चेपतं. भुजंगासनासारखं हलकं मागे वाकणं, उठबस, भिंतीवरचे जोर चालतात.

गुडघे झिजलेत. व्यायामाने आणखी झिजतील ना?

नाही. मांडीचे स्नायू कमजोर राहिले तर सगळा भार सांध्यावर येतो. व्यायाम हा इथे उपचारच आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ करा, मांडी आवळून पाच ते दहा आकडे धरा, दहा वेळा, दोन्ही पाय. दोन आठवड्यांनी घोट्याला अर्धा किलो वाळूची पिशवी बांधा. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं आणि उंच खुर्चीवरून उठबस हेही जोडा.

दुखण्याचं माप असं : शून्य ते दहामध्ये तीन-चारपर्यंत दुखलं आणि २४ तासांत पूर्वीइतकं झालं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सूज आली तर वेळा निम्म्या करा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

आई सत्तरीची आहे. पडेल या भीतीने ती बाहेरच पडत नाही.

भीतीने हालचाल थांबते, त्याने पाय कमजोर होतात आणि मग पडण्याची शक्यता खरोखर वाढते. आधी मोजून घ्या : हात छातीवर ठेवून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येतं? ७० ते ७९ वयाच्या बाईला दहाहून कमी जमले तर धोका आहे असं समजा.

ओट्याला बोटं टेकवून : एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून दहा सेकंद. जमलं की एका पायावर. मग बोटं सोडून, पण ओटा हाताशी ठेवून. आडवं चालणं, उलटं चालणं. जवळ कुणीतरी असावं. हे रोज पाच मिनिटं, आणि आठवड्यातून दोनदा उठबस व टाचा उचलणं.

जमिनीवरून उठायलाही शिकवा : कुशीवर वळणं, हात-गुडघ्यांवर येणं, खुर्चीपर्यंत रांगणं, एक पाऊल पुढे रोवून उठणं. घसरत्या स्लिपर टाका, न्हाणीघरात पकडायला दांडा बसवा, रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवा. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीने चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

प्रथिनं किती? आम्ही शाकाहारी आहोत.

किमान गरज वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करणारीने आणि साठीपुढच्या बाईने १ ते १.२ ग्रॅम धरावं (मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून). ३० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे ७ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, मूठभर शेंगदाण्यांत ७, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत २५ च्या आसपास. अंड्यात ६. सगळ्यांना वाढून उरलेल्या पातळ वरणावर जेवणाऱ्या बाईचा आकडा पन्नासपर्यंत पोचत नाही. तिचं ताट आधी वाढा. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, दूध, ताक; किनारपट्टीवर सुकट आणि बोंबील.

साबुदाण्याच्या उपवासाच्या दिवशी जड वजनं नकोत, त्यात प्रथिनं जवळपास नसतात.

यंदा वारीत चालायचं आहे. तयारी कशी करू?

आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर, आणि पुणे-सासवड या टप्प्यात दिवे घाटासह ३० किलोमीटरच्या आसपास चाल. दहा आठवडे आधी सुरू करा. आठवड्यात चार दिवस चाला, त्यातले दोन दिवस लागोपाठ, कारण वारीत खरी परीक्षा थकलेल्या पायांनी पुन्हा चालण्याची असते. दर आठवड्याला अंतर दहा टक्क्यांनी वाढवा. टाचा उचलणं आणि जिना चढणं घाटासाठी. नवे बूट किंवा चपला घालून निघू नका, किमान महिनाभर वापरलेले हवेत. पावसात मोजे बदलायला जास्तीची जोडी आणि बोटांमध्ये व्हॅसलिन. जलसंजीवनीची पाकिटं जवळ ठेवा. नसतील तर लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

व्यायाम करताना कोणत्या लक्षणांना घाबरायला हवं?

छातीत दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप, थंड घाम, मळमळ, अचानक आलेला विचित्र थकवा. बायकांच्या हृदयविकारात छातीची कळ ठळक नसून बाकीचीच लक्षणं पुढे असू शकतात, म्हणून घरात ‘पित्त झालं असेल’ असं म्हटलं जातं आणि मोलाचे तास ओव्याच्या पाण्यात जातात. ही लक्षणं बसल्यावरही पाच मिनिटांत ओसरली नाहीत तर स्वयंपाक तसाच ठेवा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा.